बियाण्यावरचा आळ



बुरशीजन्य रोगांवरच्या व्याख्यानाला एवढी माणसं पाहून मला आधी वाटलं, शेजारच्या नाट्यगृहातला प्रयोग रद्द झाला असावा. तसं काही नसेल तर तुमच्या धीराला नमस्कार करून सुरुवात करतो.

ज्या सरांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते वर्गात रोगाचं नाव उशिरा विचारायचे. त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असे: हा इथे आला कसा? वाऱ्यानं आला, पाण्यानं आला, मातीतून आला, किड्यानं आणला, की बियाण्यातून आला? आज तोच प्रश्न मी चहाच्या झाडाला विचारणार आहे. कारण रोगाचा माग काढताना आपल्याकडे पहिला संशय बियाण्यावर जातो. शेतात काही बिघडलं की 'बियाणं वाईट निघालं' हे वाक्य तयारच असतं. चहाच्या बाबतीत हा आळ कितपत खरा आहे, हे तपासायला मोठा पुरावा उपलब्ध आहे. तो कुठल्या प्रयोगशाळेतला नाही, दीडशे वर्षांच्या व्यापारातला आहे.

आता तुम्ही म्हणाल, महाराष्ट्रात चहा उकळतो, पिकतो कुठे? बरोबर आहे. पण एक धागा पुण्यापर्यंत येतो. हॅरल्ड मॅन हे नाव तुमच्यापैकी ज्यांनी ग्रामीण अर्थशास्त्र वाचलं असेल त्यांना ठाऊक असेल. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य, पुढे मुंबई इलाख्याचे शेतकी संचालक. पिंपळे सौदागर या गावाची पाहणी करून त्यांनी १९१७ साली जे पुस्तक प्रसिद्ध केलं, ते आजही अभ्यासलं जातं. (पिंपळे सौदागरात आता शेत शोधायला गेलात तर बहुधा एखाद्या इमारतीच्या वाहनतळात पोचाल, पण ते असो.) हे मॅन १९०७ साली पुण्यात आले, त्याआधी काय करत होते? ते चहाचे शास्त्रज्ञ होते. १९०० सालापासून इंडियन टी असोसिएशनच्या नोकरीत होते. चहावरच्या किडी आणि रोगांवर जॉर्ज वॅट यांच्यासोबत त्यांनी लिहिलेला ग्रंथ १९०३ सालचा. आणि १९०६ साली आसामात पानांवर फोड आणणाऱ्या एका रोगाचा मोठा उद्रेक झाला तेव्हा त्यावरची पुस्तिकाही त्यांचीच. त्या रोगाकडे मी येणारच आहे, कारण माझ्या खटल्यातला मुख्य साक्षीदार तोच आहे.

पण आधी एक गोष्ट नक्की करू. बियाण्यातून रोग येतो म्हणजे नेमकं काय होतं?

ज्वारीची दाणे काणी घ्या. काणीचे बीजाणू दाण्याच्या वरच्या अंगाला चिकटून बसतात. दाणा पेरला, कोंब आला, की बीजाणूही रुजतो, कोंबात शिरतो आणि ताटाबरोबर गुपचूप वर चढतो. कणीस बाहेर पडेपर्यंत शेतकऱ्याला पत्ता नसतो. मग दाण्यांच्या जागी काळी भुकटी. म्हणून आपल्याकडे पेरणीआधी ज्वारीचं बी मोरचुदाच्या पाण्यात भिजवत, पुढे गंधक चोळायला लागले. गव्हाच्या काजळीत बुरशी दाण्याच्या आतच असते, गर्भात. तिथे वरून चोळलेल्या गंधकाचा काय उपयोग? आणि बाजरीचा अरगट तिसऱ्याच प्रकारचा. त्याचे काळे खडे दाण्यांत मिसळून येतात, म्हणून बी मिठाच्या पाण्यात ओतायचं, खडे तरंगले की काढून टाकायचे.

बियाण्यावर, बियाण्यात, बियाण्याबरोबर. तिन्ही वेळा रोग एका पिढीतून दुसऱ्या पिढीत जातो तो बियाण्याच्या आधारानं. हे लक्षात ठेवा आणि आता चहाकडे चला.

चहाचं फळ बहुतेकांनी पाहिलेलं नसतं. मळ्यातलं झुडूप सतत खुडलं जातं, कमरेच्या वर जाऊच दिलं जात नाही, त्यामुळे त्याला फुलाफळाची उसंत नसते. बियाण्यासाठी ठेवलेली झाडं वेगळी, मळ्यापासून लांब, मोकळी वाढू दिलेली. आसामात त्या बागांना 'बारी' म्हणतात. तिथे ती झाडं चांगली उंच होतात. थंडीच्या सुमारास पांढरी फुलं येतात, मध्ये पिवळ्या केसरांचा झुबका. फळ पिकायला जवळजवळ वर्ष लागतं. पुढच्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात त्याचं हिरवट-तपकिरी, बहुधा तीन कप्प्यांचं बोंड उकलतं आणि बी खाली पडतं. बी गोलसर, व्यास साधारण एक ते दीड सेंटिमीटर, टरफल कडक आणि तपकिरी. फोडलं की आत जाड, मलईच्या रंगाची दोन दलं. नखानं दाबली तर तेलकट लागतात.

आणि ओली. हा शब्द ध्यानात ठेवा, कारण पुढची सगळी कथा त्या ओलीवर उभी आहे.

ज्वारी आपण उन्हात खडखडीत वाळवतो, कणगीत घालतो, पुढच्या वर्षी पेरतो. ओलावा दहा-बारा टक्क्यांवर आणला की दाण्याचा जीव शांत राहतो आणि साठवणीतल्या बुरशीला वाढायला पाणी मिळत नाही. एका दगडात दोन पक्षी. चहाच्या बियाला हे चालत नाही. ते वाळलं की मेलं. त्याला जिवंत ठेवायचं तर ओलं ठेवावं लागतं. आणि ज्या ओलीवर बियाचा जीव तगतो, त्याच ओलीवर बुरशीही पोसते. पाणी काढा, गर्भ जातो; पाणी ठेवा, बुरशी येते. चहाच्या बियाण्याचा खरा बुरशीचा प्रश्न हा आहे.

इतिहासात हा प्रश्न पावलोपावली भेटतो, फक्त त्या वेळी त्याला बुरशीचा प्रश्न म्हणत नसत. १८३४ साली गव्हर्नर जनरल बेंटिंकनं चहा समिती नेमली आणि तिचे चिटणीस गॉर्डन बियाणं आणायला चीनला गेले. त्या बियाण्यातून कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानात बेचाळीस हजारांच्या आसपास रोपं तयार झाली. वीस हजार वरच्या आसामात, वीस हजार कुमाऊँ-देहराडूनच्या बाजूला, दोन हजार दक्षिणेत. आसामकडे निघालेल्यांपैकी निम्म्याहून जास्त वाटेतच गेली. पुढे रॉबर्ट फॉर्च्यून हा वनस्पतिशास्त्रज्ञ ईस्ट इंडिया कंपनीसाठी चीनमधून चहा आणायला गेला. त्याचा गुप्त वेष, डोक्यावरची खोटी शेंडी, या कहाण्या तुम्ही ऐकल्या असतील. मला त्या वेषापेक्षा त्याची पेटी जास्त महत्त्वाची वाटते. बी नुसतं भरून पाठवलं तर पोचेपर्यंत मरतं, हे त्याला कळून चुकलं होतं. मग त्यानं काय केलं? वॉर्ड यांच्या पद्धतीच्या काचेच्या बंद पेट्यांत तुतीची रोपं लावली आणि त्यांच्यामधल्या मातीत चहाचं बी दाट पेरून टाकलं. जहाज कलकत्त्याला लागेपर्यंत पेटीत बी उगवलेलं होतं. त्यातून हिमालयातल्या मळ्यांसाठी १२,०००हून अधिक रोपं मिळाली. थोडक्यात काय, बी साठवता येत नाही तर साठवूच नका, प्रवासातच रुजू द्या! वेषांतरापेक्षा ही अक्कल मोठी.

आता माझा साक्षीदार. त्याचं नाव ब्लिस्टर ब्लाइट, बुरशीचं नाव एक्झोबॅसिडियम व्हेक्सन्स. कोवळ्या पानावर आधी तेलाचा थेंब पडल्यासारखा लहान पारदर्शक ठिपका दिसतो. तो वाढतो, पानाची वरची बाजू तिथे आत दबते आणि खालची बाजू फुगून येते. त्या फोडावर पांढरी मखमली लव धरते. ती लव म्हणजे लाखो बीजाणू. ठिपक्यापासून बीजाणूपर्यंतचं चक्र हवामानाप्रमाणे अकरा ते अठ्ठावीस दिवसांत पुरं होतं. म्हणजे एका पावसाळ्यात किती पिढ्या, हिशेब करा. आणि ही बुरशी धरते कोणतं पान? महिन्याच्या आतलं, कोवळं. चहासाठी खुडायची ती 'दोन पानं आणि कळी' हेच तिचं खाद्य. मळेवाला आणि बुरशी, दोघांची नजर एकाच पानावर.

आसामात हा रोग १८६८ साली पाहिला गेल्याची नोंद आहे. १९०६ साली वरच्या आसामात उद्रेक झाला, तेव्हा मॅन तिथे होते. १९०८ साली तो दार्जिलिंगला पोचला. आणि दक्षिण भारतात? सिलोनमध्ये? १९४६.

१८६८ ते १९४६. मध्ये अठ्ठ्याहत्तर वर्षं. या अठ्ठ्याहत्तर वर्षांत चहाचं बियाणं काय करत होतं? फिरत होतं. सिलोनमधल्या लूलकंदुरा इथे जेम्स टेलरनं चहाची पहिली व्यापारी लागवड केली ती १८६७ साली. १८६९ साली तिथल्या कॉफीवर तांबेरा दिसला आणि पुढच्या वीसेक वर्षांत कॉफीचे मळे उठले. त्या जागी चहा आला. त्यासाठी बी कुठून आलं? मोठा भाग आसाम आणि बंगालच्या बाऱ्यांमधून. निलगिरी, वायनाड, मुन्नार, अन्नामलाई, इथेही आसामी जातीचं बी गेलं. चहाच्या लागवडीचं वेड १८६०च्या दशकात इतकं चढलं होतं की काही मळे पानं विकण्यापेक्षा बी विकून जास्त कमवत होते. म्हणजे जिथे रोग होता तिथून, जिथे रोग नव्हता तिथे, वर्षानुवर्षं पेट्यांमागून पेट्या बी जात राहिलं. रोग बियाण्यातून जाणारा असता तर अठ्ठ्याहत्तर वर्षं थांबला असता का?

आणि याहून मोठी साक्ष आफ्रिकेची. मलावीतल्या मुलांजेला एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस चहा लागला, केनियातल्या लिमुरूला १९०३ साली. हिंदुस्थानातून आलेल्या बियाण्यावर तिथली मळेशाही वाढली. केनिया आज जगातल्या सर्वांत मोठ्या चहा निर्यातदारांपैकी एक आहे. आणि ब्लिस्टर ब्लाइट? आफ्रिकेत तो आजही नाही. तो आशियातच राहिला.

याचं कारण त्या बुरशीच्या स्वभावात आहे. तिला जिवंत कोवळं पान लागतं. मेलेल्या फांदीवर ती जगत नाही, मातीत तग धरत नाही, बियाच्या कडक टरफलाशी तिला देणंघेणं नाही. तिचे बीजाणू पातळ सालीचे, कडक उन्हात काही तासांत मरणारे. धुक्यात आणि वाऱ्यावर मात्र ते डोंगर ओलांडतात. १९४६ साली तो दक्षिणेत वाऱ्यावर आला की कुणी आणलेल्या रोगट रोपांच्या पानावर, यावर मतं वेगळी असतील. पण दोन्हीकडे वाहन पानच, बी नव्हे. उलट मी तर म्हणेन, बियाण्यानं इथे चाळणीचं काम केलं. झाड पुढे गेलं, पानावरचा रोग मागे गाळला गेला.

आणि हे पानापुरतंच नाही. मुळांचे रोग पाहा. काळं मूळ, तांबडं मूळ, तपकिरी मूळ, कोळशासारखी बुंधाकूज, अशी चहावाल्यांची नावं आहेत. हे आले कुठून? जंगल तोडून मळा केला, तेव्हा जमिनीत राहिलेल्या खुंटांतून. बुरशी तिथे आधीपासून होती. तिला कुणी आणली नाही, आपणच तिच्या घरात जाऊन चहा लावला. मलावीत आर्मिलारिया नावाच्या बुरशीनं हेच केलं. तिथले वनस्पतिरोगतज्ज्ञ लीच यांनी १९३०च्या दशकात त्यावर जो उपाय रुळवला तो मला फार आवडतो. झाड तोडण्याआधी त्याच्या खोडाची साल कड्यासारखी गोल काढायची आणि झाड तसंच उभं ठेवायचं. पानांनी केलेलं अन्न मुळांकडे जायचं थांबतं, मुळांतला साठा संपतो, मग तोडायचं. उपाशी मुळांत आर्मिलारियाला काही मिळत नाही आणि तिथे निरुपद्रवी बुरशी वस्ती करतात. औषध नाही, फवारा नाही, फक्त एक कोयता आणि धीर.

मग बियाणं अगदी निर्दोष? नाही. आता उलट बाजूनं बोलतो, नाहीतर तुम्ही मला बियाणं कंपनीचा माणूस समजाल.

चहाच्या बियांवर बुरशी सापडते, हमखास सापडते. तपासणीची साधी रीत अशी: बी ओल्या टीपकागदावर, काचेच्या झाकणबंद बशीत ठेवायचं. बारा तास अतिनील नळीचा उजेड, बारा तास अंधार. आठवड्यानं भिंगाखाली पाहायचं. टरफलावर काळ्या डोक्याच्या टाचण्या रोवल्यासारखी दिसते ती ॲस्परजिलस. निळसर-हिरवी पूड ती पेनिसिलियम. पांढरा, कुठे फिकट गुलाबी कापूस दिसला आणि त्यात विळ्याच्या आकाराचे बीजाणू असले तर फ्युजॅरियम. विद्यार्थी ही यादी करतात आणि 'चहाचे बियाण्यातून येणारे रोग' असा मथळा देतात. इथे सर लाल शाई काढायचे. बीजावर बुरशी सापडली, एवढंच सिद्ध झालं. तिनं बी मारलं, की मेलेल्या बीवर ती नंतर आली? आणि रोपात ती पुढे रोग करते, की टरफलाबरोबर गळून पडते? कॉख यांनी जंतूंबद्दल घालून दिलेली कसोटी इथेही लावावी लागते. बुरशी वेगळी काढा, निरोगी बीवर सोडा, तोच बिघाड होतो का बघा, आणि त्यातून तीच बुरशी पुन्हा काढा. या कसोटीपुढे यादीतली बरीच नावं गळतात. उरतात त्यातल्या पुष्कळशा साठवणीतल्या संधिसाधू बुरशी. बंद खोक्यात बी श्वास घेतं, तापतं, घाम धरतं. गर्भ थकला की त्या आत शिरतात.

एक शिरकाव मात्र झाडावरच होतो. चहाच्या बारीत एक ढेकूणवर्गी किडा असतो, पोसिलोकोरिस लेटस. दिसायला देखणा, नारिंगी-पिवळ्या पाठीवर गडद ठिपके. तो कोवळ्या फळात सोंड खुपसून आतल्या दलांचा रस घेतो. फळ वरून शाबूत दिसतं. पण त्या सुईएवढ्या छिद्रातून बुरशी आत जाते आणि बी पिकेपर्यंत दलावर खोलगट तपकिरी डाग पडतो. असं बी बाहेरून कितीही पुसा, औषधात घोळा, काय होणार? गव्हाच्या काजळीचीच गत. इथे बियाण्याचा दोष म्हणजे खरं तर बारीच्या राखणीचा दोष. म्हणून जुने बारीवाले पोरांना नि बायकांना लावून हे किडे हातानं वेचून घेत.

रोपवाटिकेतली मरही बियाण्याच्या माथी मारली जाते. वाफ्यात कोंब वर आला, मान टाकली, कोलमडला. की बी वाईट! बहुतेक वेळा गुन्हेगार मातीतल्या पिथियम, रायझोक्टोनियासारख्या बुरशी असतात आणि त्यांना बोलावणारा असतो तो पाण्याचा पाइप हातात धरलेला माणूस. निचरा नाही, सावली दाट, पाणी दोन वेळा. ज्यांनी घरी कुंडीत मिरचीची रोपं केली आहेत त्यांना हे सांगायला नको.

आता कुणी म्हणेल, एवढी कटकट कशाला? चहा हल्ली कलमांनीच लागतो. खरं आहे. जोरहाटजवळचं टोकलाई संशोधन केंद्र १९११ सालचं. तिथून १९४९ साली टीव्ही-१, टीव्ही-२, टीव्ही-३ हे निवडक वाण बाहेर पडले. एक पान, एक पेर, एवढ्या तुकड्यावर रोप तयार होऊ लागलं. मळा एकसारखा, उत्पन्न जास्त, चव हुकमी. बियाण्याचा प्रश्नच मिटला. पण मी आताच काय म्हटलं? बी पानावरचा रोग गाळतं. छाटकलमात तर पानच लावता! छाट ज्या झाडावरून घेतला त्याच्या पानात दबा धरून बसलेली बुरशीही त्याबरोबर येते. ब्राऊन ब्लाइटची कोलेटोट्रिकम अशी निरोगी दिसणाऱ्या पानात गपचूप राहते. शिवाय कलमाचं रोप प्लॅस्टिकच्या पिशवीत मातीसकट प्रवास करतं. त्या मातीत काय आहे, हे विचारायचं कोण? आज भारतातला निम्म्याच्या आसपास चहा लहान उत्पादकांच्या शेतातून येतो. एक-दोन एकरवाला शेतकरी शेजारच्या रोपवाटिकेतून ट्रॅक्टरभर पिशव्या आणतो. बियाण्याच्या पिशवीकडे आपण संशयानं बघतो, मातीच्या पिशवीकडे बघतच नाही.

दुसरं असं की कलमाला सोटमूळ नसतं. दुष्काळी ताण आला की ते आधी माना टाकतं. दक्षिणेत मुरमाड जमिनीत, कोरड्या दिवसांत, कोवळ्या कलमांच्या बुंध्याला फोमॉप्सिसची खोडकूज लागते ती याच ताणातून. आणि मळाभर एकच वाण असला तर एका रोपावरचा रोग सगळ्यांचाच. म्हणून गाडी पुन्हा बियाण्याकडे वळते आहे. दोन निवडक वाण एकमेकांशेजारी लावून त्यांच्या संकरातून मिळणारं बी टोकलाईनं दिलं आहे, टीएस-४४९ हे त्यातलं एक. अशा बियाण्यातून खोल मुळं आणि थोडी विविधता, दोन्ही परत मिळतात. म्हणजे बियाण्याचं आरोग्य हा जुना विषय नव्यानं दारात उभा आहे.

कायदे आहेत. १९१४चा कीड-रोग कायदा आहे, २००३चा वनस्पती संगरोध आदेश आहे. परदेशातून बी आणायचं तर परवाना आणि आरोग्याचा दाखला लागतो. ते हवेच. पण हे कायदे बंदरावर आणि विमानतळावर चालतात. जोरहाटची बारी ते उत्तर बंगालची रोपवाटिका या वाटेवर कुठला पहारा? तिथे फक्त माणसाची नजर.

म्हणून शेवटी ज्यांच्या हातात चहाच्या बियांचं खोकं येणार आहे, अशा या सभागृहातल्या दोन-चार विद्यार्थ्यांसाठी बोलतो. बाकीच्यांनी चहाच्या रांगेत पुढे जायला हरकत नाही. खोकं आलं त्याच दिवशी उघडा. हात घाला, आतून गरम लागलं तर बी सावलीत पातळ पसरा, उन्हात कधीही नाही. मग पाण्यात टाका. बुडेल ते वाफ्यात. तरंगेल ते लगेच फेकू नका, थोडं सुकलेलं चांगलं बीही तरंगतं. एक-दोन दिवस पाण्यात ठेवा, मग बुडलं तर तेही घ्या. आणि टरफलावर हिरवी-पांढरी बुरशी दिसली म्हणून घाबरून खोकं परत करू नका, आणि बुरशीनाशकाचा डबाही लगेच उघडू नका. पाच-पंचवीस बिया घ्या, चाकूनं आडव्या कापा. दलं मलईच्या रंगाची असतील तर बुरशी बाहेरची आहे, पुसा आणि पेरा. दलावर खोलगट तपकिरी डाग असतील तर पत्र बारीच्या मालकाला लिहा आणि त्यात विचारा, यंदा किडे वेचले होते का?